दोन दारांची मोटार

आमच्या घरात मोटारीवरून आजवर दोनदाच गंभीर चर्चा झाली. पहिली २०१४ साली, मोटार घ्यावी की न घ्यावी यावरून. आणि दुसरी २०२५ च्या श्रावणात, असलेली देऊन दुसरी घ्यावी की नाही यावरून. पहिली दोन दिवसांत आटोपली. दुसरी दसऱ्यापर्यंत पुरली, आणि तिच्यात घरातील एक मोजपट्टी, सौ.ची एक चप्पल आणि माझी बरीचशी झोप कामी आली. ज्यांना मोटारीत गोडी नाही त्या वाचकांनी खुशाल पुढचे पान उघडावे. मात्र घरात अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष असेल, तर न उघडलेले बरे.

आमची मोटार म्हणजे पोलो, जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यात जन्मली आणि पुण्यातच नांदायला आली. माहेर-सासर एकाच गावात. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत, कारण या दोन रेघांच्या आत राहिले की सरकार कर कमी लावते. पण त्या एवढ्याशा इंजिनाला टर्बो जोडलेला आहे. १०५ अश्वशक्ती, आणि दोन क्लचची, सात गिअरची अशी पेटी की एक गिअर चालू असतानाच पुढचा पायघड्या घालून तयार असतो. दिसायला गरीब, पण पायाखाली जरा दाब दिला की पाठीत कोणी थाप मारल्यासारखी निघते. २०२२ साली पोलो आपल्याकडे बनणे बंद झाले, आणि तेव्हापासून तिची इज्जत वाढली. सिग्नलला उभा राहिलो की शेजारची तरुण मुले काच खाली करून विचारतात, "काका, विकणार का?" माझ्याकडे पाहून कोणी काही विचारावे असे या वयात दुसरे काय उरले आहे?

अशा सुखाच्या संसारात ती दुसरी आली.

कन्येच्या कचेरीत एक तरुण गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे मर्सिडीजची ई-क्लास कूपे होती, नोव्हेंबर २०११ मध्ये पासिंग झालेली. नुकतीच त्यांना जुळी मुले झाली. दोन बाळांच्या दोन खुर्च्या मागच्या बाजूला बसवायच्या आणि दोन बाळे पुढच्या दारातून आत सरकवायची, हा व्यायाम त्यांनी चार महिने केला आणि पाठीचा डॉक्टर गाठला. आता त्यांना सात माणसांची मोटार हवी होती. "बाबा, नुसती बघून तर या," असे कन्या म्हणाली. नुसते बघण्याने आजवर किती घरे बुडाली आहेत याची तिला कल्पना नसावी.

कूपे म्हणजे काय ते मोटारवाल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. छप्पर मागे उतरत गेलेले, दारे दोनच, आणि ती दारे लांबलचक. या गाडीच्या दाराला वरची चौकट नाही. दार उघडायला हात लावला की काच आधी बोटभर खाली उतरते, जणू मान लववते, आणि मग दार उघडते. चारी काचा खाली केल्या तर पुढची आणि मागची खिडकी एकच होते, मध्ये खांब म्हणून नाही. आत बसून दार लावले, आणि पाठीमागून एक हातासारखी दांडी हळूच पुढे आली. तिने सीटचा पट्टा माझ्या खांद्यापाशी आणून धरला. दार लांब असल्यामुळे पट्टा फार मागे राहतो, माणसाला मान वळवून तो शोधावा लागू नये म्हणून केलेली ही सोय. पण अठ्ठावन्न वर्षांत मला कोणी काही असे अदबीने आणून दिले नव्हते. मी पट्टा घेतला आणि चुकून "थँक्यू" म्हणालो.

इंजिन साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे. चालू झाले तेव्हा मला कळले नाही. मी पुन्हा बटण दाबायला गेलो. बाणेरपासून पाषाणपर्यंत चालवली. पोलो पळते तेव्हा आपण पळतो आहोत असे वाटते; ही पळते तेव्हा रस्ता मागे जातो आहे असे वाटते. परत आल्यावर मी फार बोललो नाही. सौ.ने चहा पुढे ठेवला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "किती म्हणतात?"

साडेबारा लाख म्हणत होते. नवी घेतली तेव्हा ती पहिल्या मालकाला साठ लाखांच्या घरात पडली होती. म्हणजे पाचातले चार हिस्से काळाने खाल्ले होते आणि एक माझ्यासाठी ठेवला होता, असा मी त्याचा अर्थ लावला. पोलोचे साडेतीन लाख येणार होते. वरचे नऊ लाख कुठून? तर त्याच आषाढात माझी एक विम्याची पॉलिसी पिकली होती. हा योगायोग मला दैवी वाटला. सौ.ला तो तितकासा दैवी वाटला नाही. ती रक्कम आईच्या दुखण्याखुपण्याला आणि आमच्या निवृत्तीला, असे आमचे न बोलता ठरलेले होते. आणि न बोलता ठरलेले मोडताना फार बोलावे लागते.

इथे एक कबुली दिली पाहिजे. आमचे वडील पोस्टात होते, त्यांची हयात सायकलवर गेली. मी सात-आठ वर्षांचा असताना, जंगली महाराज रस्त्यावर, त्यांनी एकदा सायकल एकदम थांबवली आणि पुढच्या दांडीवर बसलेल्या मला म्हणाले, "ती बघ, मर्सिडीज." काळी, लांब, कोणा बड्या माणसाची गाडी समोरून गेली. ती वळणाआड जाईपर्यंत वडील एक पाय जमिनीला टेकवून उभे राहिले. त्यांनी हेवा केला नाही की उपदेशही केला नाही. नुसते पाहिले, आणि मग पुन्हा पायडल मारू लागले. श्रावणातल्या त्या संध्याकाळी बाणेरहून परतताना मला वडिलांचा तो जमिनीला टेकलेला पाय आठवत होता. हिशेबाच्या वहीत ही गोष्ट कोणत्या रकान्यात घालायची?

हिशेब मात्र केला, कारण पुण्यात राहतो. महिन्याला सातशे किलोमीटर आमचे होतात. पोलो शहरात लिटरला बारा देते. ही गाडी मालकांच्या प्रामाणिक सांगण्यानुसार सात देणार. पुण्यात तेव्हा पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास होते. म्हणजे पोलोला महिना सहा हजार आणि हिला साडेदहा हजारांच्या जवळ. वर्षाचा फरक पन्नास हजारांवर गेला. एवढ्यावर मी डगमगलो नाही. माणसे पान-तंबाखूवर याहून अधिक उडवतात, असे मी म्हणालो. "कोण उडवतं?" असे सौ.ने विचारले, तेव्हा मला पटकन नाव आठवेना.

मग कागदपत्रे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती नव्याने करून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी साध्या मोटारीला पाच हजार झाली आहे, आणि परदेशातून तयार आलेल्या मोटारीला चाळीस हजार. मर्सिडीजचा कारखानाही पुण्याचाच, १९९५ पासून इथे गाड्या जुळवल्या जातात, आधी पिंपरीला आणि नंतर चाकणला. परंतु ही कूपे तयार होऊनच बोटीतून आलेली. म्हणजे घेतल्यापासून सव्वा वर्षात, नोव्हेंबर २०२६ मध्ये, चाळीस हजार आणि वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. त्यातच, वीस वर्षांवरच्या आयात मोटारीची फी ८० हजार झाली, ती बातमी नेमकी ऑगस्ट २०२५ मधली. मी ती सौ.च्या हाती पडू नये म्हणून वर्तमानपत्र रद्दीत घातले. तिने ती फोनवर वाचली होती.

विम्याचेही तसेच. पाच वर्षांपर्यंत मोटारीची विम्यातली किंमत कोष्टकाने ठरते. त्यापुढे मालक आणि कंपनी मिळून ठरवतील ती. आणि ज्या विम्यात सुट्या भागांची पूर्ण किंमत मिळते, तो एवढ्या जुन्या गाडीला बहुधा कोणी देत नाही. एक आरसा फुटला तर त्याचा मोठा वाटा खिशातूनच.

आणि एवढे सगळे करून ती शक्ती वापरायची कुठे? पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारीला शंभरची मर्यादा, घाटात साठची, आणि वर कॅमेरे. शंभरने पोलोही जाते आणि कूपेही जाते. १०५ घोडे आणि २७२ घोडे एकाच रांगेत, एकाच चालीने, लोणावळ्याच्या चिक्कीकडे निघालेले! हा मुद्दा कन्येने काढला. जिने मला गाडी दाखवली तीच आता उलट बाजूने बोलू लागली होती. शिवाय तिने कुठेसे वाचून आणखी एक काडी टाकली: "बाबा, नाव ई-क्लासचं असलं तरी खालचा सांगाडा सी-क्लासचा आहे." हे खरे आहे. पण लग्न ठरू घातलेल्या माणसाला मुलीच्या आजोळच्या गोष्टी सांगून उपयोग नसतो.

गणपतीला आम्ही दरवर्षी कोकणात जातो, म्हसळ्याच्या बाजूला. आई पुढे, सौ. आणि कन्या मागे, आणि सामान उरलेल्या सगळ्या जागेत. ताम्हिणी घाटात धुके उतरले होते आणि रस्त्याला तळी पडली होती. मी मनातल्या मनात सारखा कूपे चालवत होतो. हा खड्डा तिच्या पोटाला लागला असता. हे वळण तिने सहज घेतले असते. या वळणावर समोरून एस. टी. आली असती तर पावणेपाच मीटरची गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती. आणि गंमत अशी की, असे हिशेब करता करता हातातल्या पोलोने तो घाट असा काही सोडवला, दुसऱ्या गिअरमध्ये टर्बोची ती बारीक शीळ घालत, की माझे मलाच वाईट वाटले. अकरा वर्षांच्या सोबतिणीसमोर मी दुसरीचे गुण गात होतो, तेही तिच्याच चाकावर बसून.

आई म्हणाली, "काय रे, गप्प का?"

"काही नाही. रस्ता बघतोय."

"रस्ता बघणारा माणूस असा हसत नाही," आई म्हणाली.

परत आल्यावर पितृपक्ष लागला. पक्षात कोणी गाडी घेत नाही, त्यामुळे मालकांनी आपण होऊन किंमत बारावर आणली आणि गाडी मेकॅनिकला दाखवायला दोन दिवस माझ्याकडे दिली. भला माणूस. वाचकांपैकी कोणी जुनी गाडी घेणार असेल तर हा एकच सल्ला देतो: पैसे मोजण्याआधी ती लिफ्टवर चढवून खालून बघा. वरून सगळ्याच नव्या दिसतात.

आमचे उस्ताद तीस वर्षे जर्मन गाड्या दुरुस्त करतात. गाडी वर चढवून ते बॅटरी हातात घेऊन खाली फिरले. बराच वेळ काही बोलले नाहीत. ते मला आवडले नाही. मग एकेक दाखवू लागले. इंजिन ज्या रबरांवर बसते ती बसली होती. पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश चिरले होते. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून तेल पाझरत होते. पुढचे टायर एका मापाचे आणि मागचे जास्त रुंद. म्हणजे पुढचे मागे करून चार दिवस ढकलायची सोय नाही. यात कारखान्याचा दोष काहीच नव्हता. चौदा पावसाळे आणि चौदा उन्हाळे काढलेले रबर चिरणारच. माझेही गुडघे काही वेगळे सांगत नाहीत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे, त्यामुळे इंधनाच्या जुन्या नळ्यांवरही लक्ष ठेवा, असे ते म्हणाले; आणि लगेच, "ते तुमच्या पोलोलाही लागू आहे हं," अशी पुस्तीही जोडली. एप्रिल २०२३ च्या आधीच्या सगळ्याच गाड्यांना ते लागू आहे.

त्यांनी एका कागदावर आकडे मांडले. बेरीज पावणेतीन लाख.

"पण उस्ताद, गाडीच बारा लाखांची!"

उस्तादांनी हात पुसले. "साहेब, गाडी बारा लाखांची नाही. गाडी साठ लाखांचीच आहे. तुम्हाला बारात मिळतेय एवढंच. पार्ट देणारा काय तुम्ही कितीला घेतली ते विचारत नाही."

हे वाक्य मी घरी येऊन सांगितले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती या वाक्यामुळे. जुनी श्रीमंती गाडी स्वस्त का होते, याचा उलगडा मला पंचेचाळीस दिवसांनी झाला. तिची किंमत उतरते, तिची भूक उतरत नाही. हत्ती म्हातारा झाला म्हणून त्याला बकरीचा चारा पुरत नाही. पहिल्या मालकाने साठ लाख दिले तेव्हा त्याला तीन लाखांची दुरुस्ती म्हणजे विसाव्या हिश्शाची बाब होती. मला ती चौथ्या हिश्शाची. आणि पुढच्या वर्षी आणखी काही चिरेल.

तरीही मी गाडी घेतलीच असती. खोटे कशाला सांगू? पावणेतीन लाखांनी माणूस शहाणा होत असता तर जगात घोड्यांच्या शर्यती कशाला चालल्या असत्या!

मोजपट्टी मात्र कामाची निघाली. आमच्या सोसायटीत इमारतीच्या खाली खांबांमधली जागा आहे. उजवीकडे खांब, डावीकडे शेजाऱ्यांची मोटार. कूपे तिथे लावली. आत बसते, पण तिचे लांब दार खांबाला टेकेपर्यंत उघडले की फट उरते ती अठरा इंचांची. त्या अठरा इंचांतून मी बाहेर आलो, पण कसा आलो ते शेजाऱ्यांच्या मुलाने पाहिले आणि त्याने ते सगळ्या मजल्यांवर सांगितले. मागच्या आसनावरून कोणी तिथे उतरणे तर अशक्यच. म्हणजे बाकीच्यांना आधी फाटकापाशी उतरवायचे, मग गाडी आत लावायची. पावसात, छत्री उघडून.

ही गाडी परत न्यायच्या दिवशी मी आईला म्हटले, "चल, एक चक्कर मारू." माझा तो शेवटचा डाव होता. आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला गाडी आवडली तर घरात कोणाची टाप होती?

आई पुढे बसली. दार मोठे असल्याने तिला पोलोपेक्षाही सोपे गेले. दार लावले, ती दांडी पुढे आली आणि तिने पट्टा आईच्या खांद्यापाशी धरला. आईने त्या दांडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "अगंबाई! हात पुढे करते की रे ही!" तिने पट्टा घेतला, लावला, आणि एखाद्या मानकरणीसारखी सरळ होऊन बसली. मी जिंकलो होतो.

"हिला घे की," आई म्हणाली, म्हणजे सौ.ला.

सौ.ने पुढची खुर्ची कलती करून मागे जायचे म्हणजे आईला पुन्हा उतरावे लागणार. ती म्हणाली, मी तुमच्या बाजूने जाते. मी उतरलो, माझी खुर्ची पुढे घेतली. सौ. वाकली, आधी डोके, मग खांदा, मग साडीचा घोळ, मग एक पाय, अशी हप्त्याहप्त्याने आत गेली. औंधपर्यंत जाऊन आलो. बाहेर येताना ती पाठमोरी निघाली, आणि तिची एक चप्पल आत राहिली. मी ती काढून दिली. तिने हसून घेतली. तिची काहीच तक्रार नव्हती. खरे म्हणजे तिने पंचेचाळीस दिवसांत एकदाही "घेऊ नका" म्हटले नव्हते.

आई जागची हलली नव्हती. समोरच्या काचेतून पाहत ती म्हणाली, "दादाची हेरल्ड अशीच होती."

आईच्या थोरल्या भावाकडे दादरला स्टँडर्ड हेरल्ड होती. मद्रासच्या कंपनीने १९६१ साली ती काढली तेव्हा तिला दोनच दारे होती. आपल्याकडच्या कुटुंबांना ती पुरेनात म्हणून दशक संपता संपता तिला चार दारे करावी लागली. मामाची दोन दारांची.

"तुला मांडीवर घेऊन मागे जायचे मी," आई म्हणाली. "दादा आणि तुझे बाबा पुढे. वहिनी आणि मी मागे. एकदा आत गेलं की कोणी खुर्ची पुढे केल्याशिवाय बाहेर येता यायचं नाही. सगळे पुरुष उतरून, हातपाय ताणून, पान खाऊन झाल्यावर कोणाला तरी आठवायचं, की मागे बायका आहेत." ती थोडी थांबली. "गाडी छानच आहे रे. घे तुला हवी तर. मी काय, पुढेच बसणार."

मी सौ.कडे पाहिले. ती वाकून चपलेचा पट्टा लावत होती.

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, मोटारींवरचा जीएसटी उतरला, नव्या लहान गाड्या स्वस्त झाल्या आणि माझ्या पोलोची बाजारातली किंमत एका रात्रीत पन्नास हजारांनी घसरली. पण तोवर मी मालकांना फोन करून नको म्हटले होते. कारण विचारले तेव्हा मी पार्किंगचे सांगितले. ते खोटे नव्हते. उस्तादांचा कागद मात्र मी त्यांना पाठवून दिला, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून. पुढे ती गाडी कोल्हापूरकडे एका अविवाहित डॉक्टरांना गेली असे कळले. मी विचारले, इंजिनखालची रबरे बदलली का? बदलली म्हणे. बरे वाटले.

पोलोला चार नवे टायर घातले, पुढचे बुश बदलले. सगळे मिळून चाळीस हजारांच्या आत आले. पॉलिसीचे पैसे जिथे होते तिथे आहेत. अधूनमधून रात्री बाणेरच्या रस्त्याला एखादी दोन दारांची गाडी शेजारून निघून जाते. तेव्हा मी वेग थोडा कमी करतो आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाहतो. सौ. काही बोलत नाही.

दसऱ्याला पोलोला झेंडूचा हार घातला आणि सगळी चतुःशृंगीला निघालो. आई पुढे बसली, दार लावले, आणि डावा हात खांद्यापाशी नेऊन तशीच थांबली. क्षणभर मलाही कळेना, ती कशाची वाट पाहते आहे. तोच मागून सौ. पुढे वाकली आणि तिने पट्टा ओढून आईच्या हातात दिला.